शरयूचं उत्तर येईपर्यंत

शरयूशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटायचा. खोटं कशाला सांगू? मी तोंडाळ बाई. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं, आणि शरयूचं एक वाक्य व्हायला दूध उतू जाऊन ओटा पुसून व्हायचा. तेवढा वेळ ती तुमच्याकडे टक लावून बघत असायची. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत की तिला कळायचं. जांभई दाबलीत की तेही कळायचं.

मी लग्न होऊन दाना ओली नावाच्या या गल्लीत आले तेव्हा ती परकरात होती. आम्ही वर, तिच्या घरचे खाली. जन्मापासूनच हातपाय तिच्या ताब्यात नव्हते आणि जीभही नव्हती. मान एका बाजूला कलती, हात वेडेवाकडे उडायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, "बेचारी, कुछ समझती नहीं." समझती नहीं! अहो, आमच्या घरात मी आणि हे काय भांडलो ते तिला खालून ऐकू यायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती मला डोळ्यांनी विचारायची, मिटलं का?

तिचे वडील नाना. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, धोतर नाही पण टोपी सोडली नव्हती. बायको लवकर गेली. मुलगा मिलिंद शिकून इंदूरला नोकरीला लागला. उरले नाना आणि शरयू, आणि दिवसभर कामाला असणारी रामकली. नानांनी पुठ्ठ्यावर सगळी बाराखडी लिहून काढली होती. रोज सकाळी खालून त्यांचा आवाज यायचा, "अ, क, च, ट, त, प, य..." हव्या त्या ओळीवर शरयू डोळे वर करायची. मग नाना त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणायचे, "त, थ, द, ध, न," परत डोळे वर. मग काना, मात्रा, वेलांटी. डोळे वर म्हणजे हो. डोळे घट्ट मिटले म्हणजे नाही. आणि मिटलेले डोळे उघडलेच नाहीत, तर समजायचं बाईसाहेब संतापल्यात.

संतापायचं कारणही असायचं. नानांना दम नव्हता. दोन अक्षरं झाली की ते अंदाजाने शब्द पुरा करून टाकायचे. ती 'पा' म्हणाली की, "पाणी? रामकली, पानी लाओ!" तिला बिचारीला पावसाबद्दल काही म्हणायचं असेल, पाहुण्यांबद्दल असेल, कोण विचारतंय? पाणी यायचं आणि ती ते पिऊन टाकायची, कारण नाही म्हणायला परत पहिल्यापासून अ, क, च सुरू करायला लागलं असतं.

पण नानांची खरी कारागिरी वेगळीच होती. एकदा दौलतगंजातल्या त्यांच्या लांबच्या वहिनी आल्या. शरयूसमोर बसून शरयूबद्दलच बोलायला लागल्या. "किती सोसता हो भावजी तुम्ही. देव तुमच्या आधी हिला नेवो, म्हणजे तुम्ही सुटाल." मी तिथेच बसले होते, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शरयूने गुडघा टेबलावर आपटला. तिला बोलायचं होतं. नानांनी पुठ्ठा धरला. माझी नजर पुठ्ठ्यावर होती. त-ची ओळ, न, पहिली वेलांटी. क-ची ओळ, घ, काना. निघा! माझ्या तोंडून हसू फुटणार होतं, तेवढ्यात नाना प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "ती म्हणतेय, काकू, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

वहिनीबाई गदगदल्या. "गुणाची पोर गं ती!"

शरयूने डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. मी नानांना म्हटलं, "अहो, ती काय म्हणाली आणि तुम्ही काय सांगितलंत?" ते शांतपणे म्हणाले, "तिच्या तोंडून कोणाला वाईट बोल जाऊ नये. उद्या मी नसलो तर हेच लोक उपयोगी पडायचेत." त्यांचं प्रेम होतं हो, त्यात शंका नाही. पण त्या प्रेमापायी आख्ख्या लष्कर भागात शरयू म्हणजे एक गोड, समजूतदार, चहा पाजणारी मुलगी होऊन बसली होती. खरी शरयू फटकळ होती, माझ्याहून फटकळ. ती कोणाला भेटलीच नव्हती.

भेटली ती मॅडम आल्यानंतर. मॅडम म्हणजे जयेंद्रगंजातून येणाऱ्या वाचा-उपचाराच्या बाई. मिलिंदने शोधल्या. त्यांनी एक टॅब्लेट आणला. पडद्यावर अक्षरं, त्यांच्यावरून एक उजेडाची चौकट पुढे पुढे सरकायची, आणि शरयूच्या डाव्या गुडघ्यापाशी एक मोठं बटण बसवलं होतं. चौकट हव्या अक्षरावर आली की गुडघ्याने बटण दाबायचं. शब्द झाला की यंत्र तो मोठ्याने म्हणायचं. यंत्रातली बाई हिंदी होती. मराठी शब्द ती स्टेशनवरच्या घोषणेसारखे म्हणायची. नानांनी पहिल्याच दिवशी तोंड कडू केलं. "हिला ळ येत नाही."

मॅडमनी पहिलं काम काय केलं असेल? नानांना आतल्या खोलीत जायला सांगितलं.

"माझ्या मुलीचं माझ्याशिवाय कोणाला कळणार?" नानांचा आवाज चढला.

"तेच तर बदलायचंय," मॅडम म्हणाल्या. त्याही काही कमी नव्हत्या. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की असं दुसऱ्या मार्गाने बोलणाऱ्या माणसांच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरचा माणूस नुकता सुरुवात करतोय. हसतो, रडतो, हात झटकतो, आणि अर्थ समोरच्याने लावायचा. दुसऱ्या पायरीवरच्याचं घरच्यांना कळतं, ठरावीक गोष्टींपुरतं, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की तो मुका. तिसऱ्या पायरीवरचा कोणाशीही, कशाबद्दलही, स्वतःच्या शब्दांत बोलतो. "शरयू दुसऱ्या पायरीवर आहे," त्या म्हणाल्या, "आणि तिचा पदर धरून तिला तिथे तुम्ही बसवून ठेवलंय, नाना."

नाना उठून खरंच आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शरयूला मात्र त्या पायऱ्यांचा भारी नाद लागला. ती उलट आम्हालाच त्यांच्यावर उभं करायला लागली! पलीकडचे जोशीकाका आले, अर्धा तास राजकारणावर बोलून गेले, की यंत्र म्हणायचं, "पहिली पायरी. आवाज आहे, अर्थ आपण लावायचा." एकदा मी विचारलं, "आणि मी गं?" चौकट सरकत राहिली. मी बसले जीव मुठीत धरून. यंत्र म्हणालं, "काकू दुसरी. फक्त ओळखीच्यांना झेपतात." मी म्हटलं, "मेले, तुझी जीभ मोकळी झाली ती मलाच चावायला का?" ती हसली की सगळं अंग हसायचं, खुर्ची कुरकुरायची.

तिसरी पायरी चढायची तर अनोळखी माणूस हवा. तिने ठरवलं, दौलतगंजातल्या दुकानात जायचं आणि नानांनी आणलेली नखांच्या रंगाची बाटली बदलून आणायची. नाना जन्मभर तिला फिका गुलाबी आणत आले होते, तिला लालभडक हवा होता. नानांनी यायचं नाही. रामकलीने खुर्ची ढकलायची, पण दुकानात तोंड उघडायचं नाही. मी सोबत गेले ती लांबून बघायला.

दुकानदाराने रामकलीला विचारलं, "इनको क्या चाहिए?" रामकलीने पदर तोंडात घातला आणि छताकडे बघायला लागली. चौकट सरकायला लागली. मागे बायका खोळंबल्या. कोणीतरी म्हणालं, "अरे भैया, पहले हमारा कर दो, इनका तो टाइम लगेगा." दुकानदार त्यांच्याकडे वळणार, तोच यंत्र बोललं, "भैया, ग्राहक मैं हूँ. इधर देखिए." दुकानदार गर्रकन परत फिरला! मग परत चौकट. मला वाटत होतं जावं आणि सांगून टाकावं एकदाचं, लाल हवाय हो, लाल! ओठ चावून उभी राहिले. शेवटी यंत्र म्हणालं, "यह रंग बुड्ढियों का है. लाल दीजिए." सगळ्या बायका खो खो हसल्या, दुकानदारही हसला, आणि त्याने चार लाल बाटल्या तिच्यासमोर मांडल्या. रामकलीसमोर नाही, तिच्यासमोर.

परत आलो तेव्हा नाना दारात येरझाऱ्या घालत होते. तिने दुकानातच रंगवून घेतलेली लाल नखं दाखवायला हात पुढे केला, तो भलतीकडेच उडाला. नाना म्हणाले, "छान." आणि मग बराच वेळ पुठ्ठा हातात घेऊन बसले. मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस, आता त्याने काय करायचं?

तो प्रश्न देवाने भलत्याच रीतीने सोडवला. एका सकाळी नाना आंघोळ करून आले आणि देवापुढे कोसळले. पक्षाघात. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणले तेव्हा तोंडातून नुसतं "बा बा" निघायचं. चेहरा मात्र हसरा. कोणी काही विचारलं की मान हलवायचे, हो.

मिलिंद धावत आला. चांगला मुलगा आहे तो, उगाच कोणी वाईट समजू नका. पण कावलेला होता. एकीकडे नोकरी, एकीकडे बायको फोनवर, इकडे बाप असा आणि बहीण तशी. त्याने तोड काढली. नानांना इंदूरला घरी न्यायचं. शरयूला इंदूरजवळच्या एका संस्थेत ठेवायचं, तिथे अशा लोकांची सोय असते. चौकशी केली, जागा मिळाली, गाडीही ठरवली. बॅगा भरायला काढल्या.

"सगळं नानांना विचारून केलंय हं, काकू," तो मला म्हणाला. "डॉक्टरांसमोर विचारलं. ते हो म्हणाले."

"आणि शरयूला?"

"ताईचं नानाच तर ठरवतात ना नेहमी?"

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून यंत्राचा आवाज आला. तिने तो शेवटपर्यंत मोठा केला होता. "सगळे इथे या."

मिलिंद, मी, रामकली, सगळे नानांच्या पलंगाभोवती गोळा झालो. शरयूची खुर्ची पलंगाला लावलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, गुडघा बटणाला टेकलेला. मिलिंद म्हणाला, "ताई, बोलू आपण, पण आधी मला एवढं..." तिने डोळे घट्ट मिटले. प्रश्न तिने आधीच लिहून ठेवले होते, त्यामुळे ते पटापट आले.

"नाना, तुमचं नाव गोविंद?"

नानांनी हसून मान हलवली. हो.

"तुमचं नाव शरयू?"

नानांनी हसून मान हलवली. हो.

"आपण काश्मिरात राहतो?"

हो.

"मिलिंद तुमचा बाप?"

हो. तेच गोड हसू. रामकलीच्या तोंडून "हे राम" निघून गेलं. मिलिंद हातातल्या शर्टासकट खाली जमिनीवर बसला.

"मग... मग मी विचारलं तेव्हा..." तो म्हणाला. "मी तर त्यांना इस्पितळात ऑपरेशनचंही विचारलं होतं गं. ते हो म्हणाले होते."

चौकट सरकली. "त्यांचं हो म्हणजे हो नाही. पहिली पायरी."

"मग मी कोणाला विचारू, ताई? कसं ठरवू?" तो रडायलाच लागला, एवढा मोठा बाप्या.

"मला वेळ दे. मी विचारते."

गाडी पुढे ढकलली. मिलिंद बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला आणि तिथूनच नोकरी करायला लागला. आणि शरयूने नानांना शिकवायला घेतलं. अगंबाई, काय ती मास्तरीण! दया नाही, माया नाही. नाना थकून डोळे मिटायचे तर ही थांबायची, आणि त्यांनी डोळे उघडले की परत सुरू. मी तिचे हात झाले. ती सांगायची तसं मी नानांसमोर दोन वस्तू धरायची, वाटी आणि पेला. कोणती हवी? नाना डाव्या हाताने डावीकडची दाखवायचे. ती म्हणायची, "अदलाबदल." मी हात बदलायची. नाना परत डावीकडचीच दाखवायचे. म्हणजे निवड नाही, नुसता हात तिकडे जातोय. ती खुर्चीत मागे डोकं आपटायची.

एका दुपारी रामकली नानांना दूध पाजत होती. त्यांना नको होतं, तरी मान हलत होती, हो हो. शरयूने एकदम किंकाळी फोडली. रामकलीच्या हातून पेला पडायचाच राहिला. यंत्र म्हणालं, "अंगठा." मी बघितलं, मला काहीच दिसलं नाही. तिने मला वाक्य लिहून सांगितलं: नको असलं की नाना डावा अंगठा मुठीत घेतात, हवं असलं की तो बाहेर राहतो. मी चष्मा पुसून बघितला. मूठ मिटलेली, हात थरथरता, त्यात अंगठा आत का बाहेर हे देवच जाणे. मिलिंदलाही दिसेना. पण तिला दिसत होतं. तिने परत ते सगळे प्रश्न विचारले, नाव शरयू का, काश्मिरात राहता का. मान म्हणाली हो. शरयूचे डोळे अंगठ्यावर. यंत्र म्हणालं, "आता नाही म्हणतात."

म्हणजे नानांचं बोलणं आता जगात तिला एकटीलाच कळत होतं.

खरा प्रश्न तिने विचारला त्या वेळी मिलिंद औषधं आणायला गेला होता. खोलीत मीच होते. मी दोन फोटो धरले. एकात मिलिंदच्या मुलाच्या मुंजीत नाना नातवाला मांडीवर घेऊन बसलेले, मागे इंदूरचं घर. दुसऱ्यात हेच घर, दारात नाना आणि शरयू. तिने विचारलं, "इथे राहायचं?" आणि नानांच्या मुठीकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला. मग म्हणाली, "अदलाबदल." मी फोटो बदलले. "इंदूरला जायचं?" ती बघत राहिली. मग आणखी एक प्रश्न लिहायला घेतला. चौकट सरकत होती आणि तिचा गुडघा दोनदा चुकला, चुकीचं अक्षर पडलं, ते पुसून परत लिहिलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी पुसायला गेले तर तिने मान झटकली.

यंत्र म्हणालं, "नाना, तुम्ही दमलात?"

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मान हलत होतीच, तिला काही अर्थ नव्हता. शरयूने अंगठ्याकडे बघितलं आणि डोळे वर केले. ते हो माझ्यासाठी होतं. नाना हो म्हणाले होते.

मला भडभडून आलं. म्हणजे इंदूरच! नातू, बाग, लिफ्ट, आणि ही? चांगली राहिली असती की दोघं इथेच! मी दाराकडे बघितलं, मिलिंद अजून आला नव्हता. मी खाली वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "शरयू, ऐक माझं. त्याला सांग, नाना इथेच राहायचं म्हणतात. कोणाला कळणार आहे? त्यांचा अंगठा तुझ्याशिवाय दिसतो कोणाला?"

तिने डोळे घट्ट मिटले.

"अगं, वेडे, तुझं काय होईल?"

डोळे मिटलेलेच. मग उघडले आणि चौकट सरकायला लागली. दाराची कडी वाजली, मिलिंदच्या चपला वाजल्या, आणि यंत्र बोललं, "मग मी नाना झाले."

मिलिंद आत आला. तिने त्याला सांगितलं. जसंच्या तसं, शब्द न गोड करता. "नानांना इंदूरला यायचंय. ते दमलेत." मिलिंदने नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. नाना डाव्या हाताने त्याच्या केसांत चाचपडत होते. मी भिंतीकडे तोंड केलं. एका मुलीने असं कसं सांगावं? इतकी वर्षं ज्याने घास भरवला तो आता आपल्यापायी दमलाय, हे स्वतःच्या तोंडाने कसं बोलावं? मला तर तिचा रागच आला, आणि तिच्यासमोर आपण किती खुजे आहोत असंही वाटलं.

बऱ्याच वेळाने मिलिंद म्हणाला, "आणि नाना, ताईचं काय करायचं?" सवयीने त्याने नानांनाच विचारलं. सवयीने मीही नानांकडेच बघितलं. शरयूने मात्र या वेळी नानांच्या मुठीकडे बघितलं नाही. ती समोर भिंतीकडे बघत होती.

ते दोन्ही फोटो अजून नानांच्या मांडीवर होते. नानांनी डावा हात उचलला. त्यांनी फोटो बोटांनी सरकवायला सुरुवात केली, पांघरुणावरून, एकेक वीत, पलंगाच्या काठापर्यंत, आणि मग शरयूच्या खुर्चीच्या फळीवर, तिच्यापुढे. एक खाली पडला, मी उचलून ठेवला. नाना तोंडाने "बा बा" करत होते आणि बोट तिच्याकडे दाखवत होते. हे समजायला अंगठा बघायची गरज नव्हती. मलाही कळलं, रामकलीलाही कळलं.

मिलिंद बहिणीसमोर जमिनीवर बसला. "सांग, ताई."

चौकट सरकत होती. "मी इथेच. रामकली आहे. काकू आहेत." मग जरा थांबून, "मॅडमना बोलाव. मदतीला आणखी माणूस हवा. मी निवडणार."

संस्थेला नको म्हणून कळवलं. सोय व्हायला काही दिवस लागले, वाद झाले, मिलिंदची बायको फोनवर म्हणाली काही झालं तर जबाबदार कोण, तर शरयूने तिलाही फोनवरच सुनावलं. मी आता मुलीकडे भोपाळला असते. शरयू दाना ओलीतच आहे. फोनवर ती स्टेशनवरची बाई मला अजून दुसऱ्याच पायरीवर ठेवते. पण तिचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती नाना इंदूरला गेले त्या सकाळची शरयू.

गल्ली अरुंद, गाडी कोपऱ्यावरच उभी होती. नानांना खुर्चीवर बसवून तिथवर नेलं. निघताना त्यांनी शरयूच्या डोक्यावर डावा हात ठेवला तो काही केल्या काढेनात, शेवटी रामकलीने हळूच उचलला. शरयू दारात. नखं लाल, केस विंचरलेले, आणि डोळे नानांच्या पाठीवर, ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

मिलिंद विसरलेली औषधांची पिशवी न्यायला परत आला. घाईत होता. पिशवी उचलली आणि जाता जाता आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाला, "ताई, तू ठीक आहेस ना?" म्हणाला आणि वळलाही. दोन पावलं गेल्यावर तो थांबला. परत आला. पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

मागे एक ई-रिक्शा अडकली होती, तिचा भोंगा वाजत होता. कोपऱ्यावरून गाडीवाला ओरडत होता, "भैयाजी, चलिए!" मिलिंदने तिकडे बघितलं नाही. चौकट एकेका अक्षरावरून सरकत होती. शरयूच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला कोणीही पुढे झालं नाही, मीसुद्धा नाही.

यंत्र म्हणालं, "नाही."

मिलिंद उठला नाही. चौकट परत सुरू झाली होती. भोंगा वाजतच होता.

"पण जा."

मिलिंदने तिच्या पायांना हात लावला, पिशवी उचलली आणि गेला.